इलेक्ट्रिक गिटारमधली खरखर जाते आणि पुन्हा येते? आधी ती कधी येते ते बघा

गिटार ॲम्पला लावली की घूं करते, नॉब फिरवला की खरखरते, थंडीत पिकगार्डला, म्हणजे तारांखालच्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याला, नुसतं बोट लागलं तरी चटचट वाजते. या तिन्हींना आपण सरसकट ‘नॉइज’ म्हणतो आणि औषधही एकच शोधतो: नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज दाबणारं यंत्र) घे, नाहीतर केबल बदल, नाहीतर पिकअपच (तारांचं कंपन पकडणारं चुंबकाचं वेटोळं) बदलून टाक. काही दिवस बरे जातात, मग ये रे माझ्या मागल्या.

माझ्याकडे कुणी गिटार दाखवायला आणली की आवाज कसा येतो यापेक्षा तो कधी येतो हे मी जास्त खोदून विचारतो. आवाजाचं वर्णन करताना माणसं गोंधळतात. एकाची घरघर ती दुसऱ्याची गुणगुण. पण ‘संध्याकाळीच येतो’, ‘पाऊस सुरू झाला की येतो’, ‘त्या एका हॉलमध्येच येतो’, ‘उजवीकडे वळलो की येतो’ हे कुणालाही नेमकं सांगता येतं. निम्मं निदान तिथेच होतं.

आधी चाळणी

ॲम्प चालू करा, त्यात काहीही लावू नका, आवाज वाढवा. इथेच जोरात घूं येत असेल तर गिटारला बोल लावू नका. ॲम्प किंवा घरची वीज बघायची. शांत असेल तर आवाज कमी करून केबल आणि गिटार जोडा, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि ॲम्प पुन्हा वाढवा. बहुतेक गिटारींमध्ये शून्यावर सिग्नलची वायर थेट ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूला) टेकते, त्यामुळे पिकअपने काहीही पकडलं तरी ते पुढे जात नाही. तरीही आवाज येत असेल तर केबल, जॅक (केबल खोचायची जागा), पेडल (आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेटी) किंवा वीज. शून्यावर शांत आणि नॉब उघडला की सुरू होत असेल तर पिकअप, आतली वायरिंग आणि तुम्ही बसलात ती खोली.

आता नॉब पूर्ण उघडा आणि गिटार गळ्यात ठेवून जागच्या जागी सावकाश एक गिरकी घ्या. एका दिशेला घूं वाढते आणि काटकोनात वळल्यावर बरीच खाली येते असं झालं, तर आवाज हवेतून पिकअपमध्ये शिरतोय. कुठेही तोंड केलं तरी तेवढाच, तर तो बहुधा वायरीतून येतोय. ही गिरकी फुकट आहे आणि कुठल्याही यंत्रापेक्षा लवकर उत्तर देते, तरी ती कुणी घेत नाही.

ट्यूनरही कामाला येतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तारा दाबून धरून नुसत्या घूं ला ट्यूनर लावला तर तो ‘जी’ (G) हा सूर दाखवतो, काटा जरा चढ्या बाजूला. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा. विजेची दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ, त्याच्या किंचित वर पडते. न्यू जर्सीतल्या भाच्याला हाच प्रयोग सांगाल तर त्याला जी दिसणार नाही, कारण तिकडे ६० हर्ट्झ, आणि काटा ए शार्प आणि बी यांच्या मधेच लटकतो. मुद्दा एवढाच की ट्यूनरवर ठाम सूर टिकला तर उगम वीज आहे. सूरच नसलेली करकर, कडकड, चटचट असेल तर कुठेतरी संपर्क सुटतोय किंवा स्टॅटिक आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारीतली चटचट

नागपूर, नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, जिथे जिथे थंडीत हवा कोरडी पडते तिथे हा त्रास येतो. मुंबईत आणि गोव्यात तो सहसा जाणवत नाही, पण दिवसभर एसी लावलेल्या खोलीत तिथेही येतो. परदेशात हिवाळ्यात घर गरम ठेवतात, तिथे तर हमखास. वाजवताना मधेच बारीक चट्‌-चट्‌ आवाज, बोटं पिकगार्डवरून घसरली की जास्त, तारांवर हात ठेवला तरी न थांबणारा. लोकांना वाटतं पिकअप गेला. गेलेला काहीच नसतो.

पिकगार्ड प्लॅस्टिकचा असतो. बोटं, बाही, पिक घासून त्यावर विद्युतभार साठतो. दमट हवेत तो आपोआप निघून जातो, कोरड्या हवेत बसून राहतो आणि मग ठिणगीसारखा सुटतो. खाली काही मिलिमीटरवर पिकअप आणि त्याच्या वायरी आहेत, आणि गिटारचं सर्किट इतकं नाजूक, उच्च रोधाचं असतं की तेवढा झटकाही ॲम्पमधून ऐकू येतो.

खात्री करायची पद्धत अशी. डाव्या हाताने सगळ्या तारा दाबून धरा. उजव्या हाताचं एक बोट पिकगार्डवर हलकेच घासा. चटचट आली? आता तेच बोट शेजारच्या लाकडावर घासा. तिथे काही नाही? मग पिकगार्डवर तोंडाची वाफ सोडा, आरशावर सोडतो तशी, आणि वाफ उडायच्या आत पुन्हा बोट फिरवा. आवाज गायब झाला आणि दोन-चार मिनिटांत परत आला, तर निदान पक्कं.

उपाय स्वस्तातून सुरू करू. पहिलं म्हणजे पिकगार्डवरची ती पारदर्शक फिल्म काढा. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं न काढणारी आपली माणसं गिटारवरची फिल्मही जपतात, आणि स्टॅटिकला तीच खतपाणी घालते. फिल्म ओढून काढताना उलट बराच भार तयार होतो, म्हणून काढल्यावर पहिला दिवस आवाज वाढल्यासारखा वाटेल, तो ओसरतो. दुसरं, कपडे मऊ करायला धुण्याच्या शेवटच्या पाण्यात घालतात ते फॅब्रिक सॉफ्टनर. वाटीभर पाण्यात त्याचे काही थेंब, त्यात सुती फडकं बुडवून घट्ट पिळायचं, इतकं की पाणी ठिबकता कामा नये, आणि पिकगार्ड पुसून घ्यायचा. बाहेरदेशी यासाठी कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकायचे कागद वापरतात; आपल्याकडे ड्रायरच क्वचित, त्यामुळे सॉफ्टनर बरं. पिकगार्ड उघडलाच असेल तर मागच्या बाजूलाही पुसा. तिसरं, स्टेजवर नायलॉन-पॉलिएस्टरचा शर्ट असेल तर सुती घाला. हसू नका, फरक पडतो.

हे सगळं तात्पुरतं आहे आणि पुढच्या थंडीत चटचट परत येईल. कायमचा बंदोबस्त म्हणजे पिकगार्डच्या मागे संपूर्ण तांब्याची चिकट पट्टी. पुष्कळ गिटारींवर कंपनी फक्त नॉबपुरता फॉइलचा तुकडा लावते. तो पुरत नाही. पट्टी अशी घ्या की जिचा गोंदही वीज वाहून नेतो, नाहीतर पट्ट्या एकमेकींवर चिकटवूनही त्या विजेच्या दृष्टीने सुट्याच राहतात. मल्टिमीटर बीपवर ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. पट्टी ग्राउंडला जोडलेली हवी. सहसा नॉबखालच्या पॉटचं (नॉब फिरवल्यावर रोध कमी-जास्त करणाऱ्या भागाचं) धातूचं अंग तिच्यावर दाबून बसतं आणि जोडणी आपोआप होते. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइलही चालते, फक्त तिला साधं सोल्डर धरत नाही, त्यामुळे जोडणी दाबूनच करावी लागते. एक सावधगिरी: स्विचची पाती, पॉटचे पाय आणि जॅकचं टोक फॉइलला टेकता कामा नयेत. झाकण स्क्रूने आवळल्यावर गिटार एकदम मुकी झाली तर हेच झालंय. जिथे टेकण्याची भीती वाटते तिथे आधीच इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा.

तांब्याची पट्टी पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला.

पावसाळ्यातली खरखर

नॉब फिरवताना खर्रर, पिकअपचा स्विच टाकताना कडक, जॅक हलला की आवाज जाऊन-येऊन. कोकणपट्टीत आणि गोव्यात खारी हवा यात भर घालते. जॅकच्या आत हिरवट थर धरलेला दिसतो.

आधी ॲम्प बंद करून नॉब टोकापासून टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा. आतल्या कार्बनच्या पट्टीवरची धूळ बाजूला सरते आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर मागचं झाकण उघडून पॉटच्या पायांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा, पुन्हा तेवढंच फिरवणं, मग वाळू देणं. प्रत्येक घरात असतो तो गंज काढायचा नेहमीचा तेलकट स्प्रे इथे मारू नका. त्या दिवशी फरक वाटतो, पण मागे राहिलेल्या तेलावर धूळ बसते. स्विचच्या पात्यांमधून क्लीनर लावलेली कागदाची पट्टी हळूच ओढली की ती काळी होऊन बाहेर येते. साफ करूनही खरखर राहिली तर कार्बनची पट्टी झिजली, पॉट बदला. सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याच्या पिकअपला) साधारण २५० के, म्हणजे किलो-ओहमचा, हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) ५०० के. आणि खरखर ठराविक एक पेडल जोडल्यावरच येत असेल तर पॉट निर्दोष आहे, त्या पेडलमधून उलटा डीसी व्होल्टेज गिटारकडे येतोय.

जॅकबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त गिटारी इथेच मरतात. बाहेरचं नट सैल होतं, आपण ते पकडीने बाहेरूनच आवळतो. नट थांबतं आणि आख्खा जॅक आत फिरायला लागतो. प्रत्येक आवळण्यात आतल्या दोन वायरी एकमेकींवर पीळ घेतात, आणि एके दिवशी सोल्डरपाशी एक वायर एका केसावर लटकलेली राहते. मग केबल डावीकडे वाकवली की आवाज येतो, सोडली की जातो. म्हणून प्लेट उघडायची, जॅक आतून धरायचा आणि मग नट आवळायचं. वायर सुटलेली असेल तर पुन्हा सोल्डर करा. २५ ते ३० वॉटची सोल्डरिंग आयर्न जॅकला पुरते, पॉटच्या पाठीवर मात्र ती कमी पडते. चांगला जोड गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो. करडा, दाणेदार, फुगलेला दिसला तर आतून सुटाच आहे, पुन्हा गरम करा. जॅकमधलं वाकडं पातं, जे प्लगच्या टोकाला पकडतं, ते ढिलं पडलं असेल तर बोटाने किंचित आत दाबा.

केबल तपासायला दुसरी केबल लावून बघणं यापेक्षा हुशारीची युक्ती नाही. जमिनीवर आपटल्यावर स्वतःच टकटक वाजणारी केबलही बदला. आणि दिसायला सारखी असली तरी स्पीकरची केबल गिटारला लावू नका. तिला जाळीचं आवरण नसतं.

संध्याकाळची घूं

दिवसा शांत, दिवेलागणीनंतर गोंगाट. पहिला संशयित पंख्याचा रेग्युलेटर. सुळकन फिरणारा, मधे कुठेही न अडकणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची प्रत्येक लाट अर्ध्यावर तोडतो, सेकंदाला १०० वेळा, आणि त्या तोडण्यातून जी तीक्ष्ण झर्रर निघते ती घरभराच्या वायरिंगमधून पसरते. टक-टक करत एक ते पाच आकड्यांवर थांबणाऱ्या रेग्युलेटरमध्ये सहसा कपॅसिटर असतात, त्यांचा त्रास फारच कमी. पंखा बंद करून ऐका. दिव्यांचा डिमर असेल तर तोही. मग स्वस्तातले एलईडी, जुन्या चोकच्या ट्यूबलाइट, मोबाईलचे चार्जर, एकेक करून. वीज गेल्यावरच आवाज वाढत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे. साइन वेव्हवाला घेतल्याशिवाय त्यावर इलाज नाही. मधेच ट्र-ट्र-ट्र झालं तर खिशातला मोबाईल.

इथे सिंगल कॉइलवाल्यांनी एक गोष्ट पत्करायला हवी. चुंबकाभोवती हजारो वेढ्यांची बारीक तार ही तारांचं कंपन जितक्या प्रेमाने पकडते तितक्याच प्रेमाने खोलीतलं विजेचं क्षेत्रही पकडते. फॉइल स्टॅटिक आणि झर्रर कमी करते, पण ट्रान्सफॉर्मरजवळची खालच्या सुरातली घूं चुंबकीय असते आणि ती तांब्यातून सरळ आत जाते. हंबकर त्यासाठीच निघाला. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९५९ मध्ये ते मिळालं. कल्पना अशी की दोन कॉइल उलट-सुलट गुंडाळल्या आणि त्यांची चुंबकाची टोकंही उलटी ठेवली की घूं एकमेकींत कटते आणि तारांचा आवाज जोडला जातो. स्ट्रॅटमध्ये (फेंडरच्या तीन सिंगल कॉइलवाल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये) मधला पिकअप तसाच उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा असेल तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागीही हेच होतं. म्हणून स्ट्रॅटची घूं त्या दोन जागी गेली आणि बाकी तीन जागी राहिली, तर गिटार अगदी ठणठणीत आहे. ॲम्पपासून दोन-तीन पावलं लांब बसा, संगणकाच्या पडद्यापासून तोंड फिरवा आणि वाजवा.

तारांना हात लावल्यावर काय होतं?

हात लावला की घूं कमी होते, सोडला की वाढते. हा बिघाड नाही. तुमचं शरीर खोलीतली वीज गोळा करत असतं. तारा ब्रिजमार्गे (गिटारच्या अंगावर तारा बसतात त्या धातूच्या भागातून) ग्राउंडला जोडलेल्या असतात, त्यांना हात लागला की शरीरही ग्राउंडला जातं. फरक थोडा असेल तर सोडून द्या. फार मोठा असेल तर आतलं शील्डिंग, म्हणजे फॉइलचं आवरण, कमी पडतंय.

तारांना हात लावून काहीच फरक नाही, पण केबलच्या प्लगच्या धातूला लावला की आवाज पडतो, असं असेल तर ब्रिजखाली येणारी ग्राउंडची वायर तुटली. मल्टिमीटरचं एक टोक तारेवर, दुसरं जॅकच्या बाहेरच्या धातूवर. बीप यायला हवा. काही ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपना ही वायर मुळातच नसते, तिथे हा नियम लावू नका. आणि हात लावल्यावर आवाज उलट वाढत असेल तर हल्लीच कुणीतरी जॅकच्या दोन वायरी उलट जोडल्यात.

अर्थिंग

एकाच हॉलमध्ये किंवा मांडवातच आवाज येतो, घरी येत नाही, मग गिटार उघडू नका. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन अर्थची. जुन्या इमारतींमध्ये, तळघरातल्या प्रॅक्टिस रूममध्ये, जनरेटरवर चालणाऱ्या गणपतीच्या मांडवात तिच्यामागे बऱ्याचदा काहीच नसतं, सॉकेटला फक्त भोक असतं. मग ॲम्पचं धातूचं अंग, केबलचं आवरण, गिटारच्या तारा हे सगळं अधांतरी राहतं, आणि गाताना ओठ माइकला लागले की झिणझिण होते.

ती झिणझिण चेष्टेवारी नेऊ नका. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर माइकला हात लागून शॉकने मरण पावला. माइकला अर्थिंग नव्हतं. टेस्टर ॲम्पच्या उघड्या धातूला लावल्यावर मंद जरी पेटला तरी वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याच्याकडून फेज आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. तो २३० च्या आसपास हवा आणि न्यूट्रल-अर्थमधला जेमतेम काही व्होल्ट. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर उत्तम.

दोन गोष्टी चुकूनही करू नका. घूं जाते म्हणून ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन कापायची किंवा दोन पिनांचा ॲडॉप्टर लावायचा, ही पहिली. दुसरी जास्त घातक: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून ‘झालं साहेब अर्थिंग’ म्हणणारे भेटतात. मागे कुठे न्यूट्रल तुटली की ॲम्पच्या अंगावर, आणि तिथून गिटारच्या तारांवर, पूर्ण वीज येते.

दोन ॲम्प किंवा ॲम्प आणि मिक्सर जोडल्यावरच घूं सुरू झाली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रं ग्राउंडला दोन वाटांनी जोडली गेलीत. दोन्ही एकाच सॉकेटच्या एक्स्टेंशनवर घ्या. तरी राहिली तर डीआय बॉक्सवरचा (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्टचा खटका दाबा. तो फक्त सिग्नलच्या केबलचं ग्राउंड तोडतो, विजेचं नाही. मांडवात साउंडची लाइन लाइटिंगच्या लाइनपासून वेगळी मागून घ्या.

लॅपटॉप आणि पेडल

ऑडिओ इंटरफेसवर (गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवर) रेकॉर्ड करताना बारीक किर्र आवाज, माउस हलवला की बदलणारा. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेला, तर दोन पिनांचा चार्जर दोषी; तीन पिनांचा घ्या आणि अर्थ असलेल्या सॉकेटला लावा. पेडलबोर्ड असेल तर सगळी पेडल काढा, गिटार थेट ॲम्पला लावा, मग एकेक जोडत जा. बहुतेक वेळा एका ॲडॉप्टरवरून साखळीने पाच-सहा पेडल चालवलेली असतात आणि त्यात एक डिजिटल असतं. प्रत्येक पेडलला वेगळी आयसोलेटेड वीज देणारा पुरवठा महाग पडतो, पण त्याला पर्याय नाही.

गेट मी शेवटी ठेवलाय, कारण तुम्ही थांबलात की तो आवाज दाबतो. वाजवत असताना खरखर तशीच खाली चालू असते. जास्त गेनवर (ॲम्पमध्ये सिग्नल खूप वाढवून, फाटका आवाज काढत) वाजवणाऱ्यांना तो लागतोच. पण आधी गेन उतरवून बघा, निम्मी तक्रार तिथे मिटते.

पहिल्या चाचणीतच नुसता ॲम्प घुमत असेल आणि सॉकेट चांगलं असेल, तर ॲम्प दुरुस्तीला द्या, विशेषतः व्हॉल्व्हचा. त्यातले फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले की १०० हर्ट्झची घूं येते, आणि प्लग काढल्यावरही त्यांच्यात शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात, म्हणून घरी उघडू नका. कारागिराकडे जाताना रोज वापरता ती केबल आणि ॲडॉप्टरही बरोबर न्या. दुकानातल्या केबलवर गिटार शांत वाजली तर तो काहीच न करता परत देईल, आणि आवाज घरी तुमची वाट बघत असेल.